बायडाक्काचा रविवार बाजार

रिंगरोडवरनं कळंब्याकडं येताना डाव्या हाताला एका जुन्या गुऱ्हाळाची चिमणी दिसते. गूळ व्हायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण रविवारी सकाळी त्या चिमणीपाशी उभं राहिलात तर अजून एक आवाज ऐकू येईल. ठण्ण! उसाचा रस आटवायच्या मोडक्या काहिलीचा जाड तुकडा चिंचेच्या फांदीला टांगलाय, त्याच्यावर लोखंडी सळईचा टोला पडतो. टोला पडला की बाजार सुरू. त्याच्या आधी एक मिरचीसुद्धा विकायची नाही, असा नियम आहे. आणि तो टोला देणारी बाई म्हणजे आमची बायडाक्का.

कागदावर तिचं नाव बायडाबाई चौगुले. बुटकी, भक्कम, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांवर हिरवं गोंदण. आवाज असा की गुऱ्हाळाच्या फाटकातून हाक मारली तर रस्त्यापलीकडचा रिक्षावाला वळून बघतो.

मी वर्षाराणी. त्याच बाजारात कांदा-लसूण चटणी, शेवया आणि पापड विकते. मागच्या वर्षी एका मंडळानं बायडाक्काचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि माईकवरच्या माणसानं तिच्याबद्दल इतकं गुळगुळीत काहीतरी वाचून दाखवलं की माझ्या शेजारी बसलेल्या बांगडीवाल्या सलमानं मला कोपरानं ढोसलं, "ह्यो कुणाबद्दल बोलायलाय गं?" तेव्हाच ठरवलं, जे झालं ते आपण सांगायचं. कारण पहिल्या दिवसापासून मी तिथं होते.

बायडाक्काचं माहेर गारगोटीजवळ. लहानपणी आईबरोबर ती गारगोटीच्या आठवडी बाजारात बसायची. आई दोडकी, वांगी विकायची आणि ही आजूबाजूच्या लोकांच्या गोष्टी ऐकायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाची लेक नांदायला गेली, कुणाच्या घरात अबोला हाय. ती सांगते, "आमच्या आईचा माल लवकर संपला तर ती तोंड पाडून बसायची. का तर आता घरला जायाला लागणार."

लग्न होऊन ती कोल्हापुरात आली. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. पोरं शाळेत जायला लागली तशी ती दिराच्या रानातली मेथी, शेपू, चाकवत, पोकळा घेऊन रिंगरोडला बसायला लागली. कोल्हापूरच्या बायकांसारखं तीही 'मी येतो, मी बसतो' असंच बोलते. एकदा पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं त्यावरून तिला छेडलं, तेव्हा म्हणाली, "आमच्याकडं कामं बी बाप्यागतच करतोय की, मग बोलायला काय झालं?"

तेव्हा रविवारचा बाजार रस्त्याच्या कडेलाच भरायचा. भरायचा म्हणजे काय, जो आधी येईल त्यानं पोतं टाकायचं. त्या पोत्यावरनं दर रविवारी भांडण. मागून मोटारी, पुढून मोटारी, धुळीनं भाजी पांढरी. गिऱ्हाईक एक पाय गाडीवर आणि एक पाय जमिनीवर ठेवून कोथिंबीर मागायचं. महिन्यातून एकदा महापालिकेची गाडी येऊन माल उचलून न्यायची, तेव्हा सगळे आपापली टोपली घेऊन पळत सुटायचे आणि पळताना कुणी कुणाकडं बघायचं नाही.

त्या रांगेच्या टोकाला अंबूबाई बसायची. वय झालेली बाई. लिंबं, आलं आणि गवती चहा विकायची. एका रविवारी एक मोटारसायकल वाळूवरनं घसरली ती थेट अंबूबाईच्या लिंबांत आली. लिंबं गेली सगळी रस्त्यावर, आणि अंबूबाईचा पाय मोडला. पोरगा हेल्मेट काढून रडायला लागला. त्याची तरी काय चूक? माणसं बसायच्या जागा रस्त्यातच होत्या.

बायडाक्कानं अंबूबाईला उचललं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. तिची स्वतःची भाजी तशीच उन्हात पडली होती. मी आणि सलमानं त्यावर ओलं फडकं टाकलं. संध्याकाळी ती परत आली. फडकं काढलं, सुकलेल्या मेथीकडं बघितलं आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आजपासनं मी रस्त्यावर बसणार न्हाय."

कुणीतरी हसलं. कांदा-बटाट्याचा टेम्पो लावणारे आण्णा म्हणाले, "मग काय घरात बसून इकणार हाईस? रस्ता सोडला की गिऱ्हाईक सुटलं."

"गिऱ्हाईक माणूस हाय आण्णा, ट्रक न्हवं," बायडाक्का म्हणाली. "त्येला बी रस्त्यात उभा राहायची हौस न्हाय."

गुऱ्हाळाची जागा रोज तिच्या डोळ्यांसमोर होती. भोवतीनं दगडी कुंपण, आत दोन चिंचा, एक पडकं छप्पर आणि बाकी सगळ्या बाभळी. जागेचा मालक राजवर्धन पाटील. त्याच्या आजोबांचं गुऱ्हाळ होतं ते. हा मोटारपंपांचं दुकान चालवायचा. दुसऱ्या दिवशी ती मला आणि सलमाला घेऊन त्याच्या दुकानात गेली. आम्ही दोघी दारातच थांबलो. ती सरळ काउंटरपाशी गेली.

"पाटील, तुमच्या गुऱ्हाळात सध्या काय हाय?"

त्यानं वर बघितलं. "काय न्हाय. बाभळी हाईत. लोकांनी टाकलेला कचरा हाय. आणि साप असतील."

"बाभळी आमी तोडतो. कचरा आमी काढतो. साप तेवढं तुमचं तुमी बघा. आमाला रविवारचं बसू द्या."

राजवर्धन हसला, पण लगेच 'हो' म्हणाला नाही. बाजार आला की घाण येते, भांडणं येतात, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. बायडाक्कानंही ते नाकारलं नाही.

"सोमवारी सकाळी येऊन बघा," ती म्हणाली. "भाजीचं एक पान घावलं तर फाटकाला कुलूप घाला. आणि एक जरी भांडण तुमच्या दारात आलं तरी कुलूप घाला. आमी कायबी बोलणार न्हाय."

राजवर्धननं ड्रॉवरमधून फाटकाची गंजलेली किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "बघूया," म्हणाला, "सहा महिनं."

बाभळी तोडायला आम्ही चौघी-पाचजणी आणि बायडाक्काचा नवरा होतो. हात रक्ताळले. साप काही निघाला नाही, एक मुंगूस निघालं आणि आमच्याकडं रागानं बघत कुंपणावरनं गेलं. काहिलीचा तो तुकडा त्याच वेळी छपराखाली सापडला.

पहिल्या रविवारी आत बसलो आम्ही तिघीच. बायडाक्काची भाजी, माझी चटणी, सलमाच्या बांगड्या. बाकी सगळे आपले रस्त्यावर. सलमाच्या घरी पिढ्यानपिढ्या बांगड्यांचाच धंदा. तिचा हात इतका हलका की कडक हातातसुद्धा बांगडी चढवताना दुखत नाही. पण हात धरायला गिऱ्हाईक तर पाहिजे! सकाळ गेली, ऊन वर आलं. फाटकातनं एक कुत्रं आलं, हुंगलं आणि गेलं. सलमा हळूच म्हणाली, "आक्का, पुढच्या रविवारी बाहेर बसूया काय?"

बायडाक्का उठली, कुंपणाच्या दगडावर चढली आणि रस्त्याकडं तोंड करून तिनं आवाज काढला.

"ओ वैनी! हितं या! हितं गाडी न्हाय, हॉर्न न्हाय! पोराला सोडा मोकळं आणि भाजी निवडा निवांत!"

रस्त्यानं एक बाई चालली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात धडपडणारं पोर. ती थांबली. आत आली. तिनं पोराचा हात सोडला तसं ते चिंचेखाली पळालं आणि चिंचा गोळा करायला लागलं. त्या बाईनं खाली बसून मेथीची एक एक जुडी उलटीपालटी करून बघितली. मग माझी चटणी चाखली. मग सलमासमोर हात पुढं केला. जाताना म्हणाली, "किती दिवसांनी बाजारात बसले हो मी!"

पुढच्या रविवारी ती सासूला घेऊन आली. त्याच्या पुढच्या रविवारी तिची आख्खी गल्ली आली. आणि मग रस्त्यावरची पोती एकेक करून उठली आणि फाटकातनं आत आली. दुधाचे पदार्थ विकणारे आले, केळीवाला आला, मडकी घेऊन कुंभारीण आली. सगळ्यांत शेवटी आण्णांचा टेम्पो आला. आणि तो फाटकाच्या तोंडाशीच उभा राहिला.

आता खरी परीक्षा सुरू झाली. रस्त्यावरचं भांडण आत आलं. फाटकाजवळची जागा प्रत्येकाला पाहिजे. मागं छपराकडं बसायला कुणी तयार नाही. बायडाक्कानं दोन रविवार नुसतं बघून घेतलं. तिसऱ्या रविवारी टोला द्यायच्या आधी तिनं सगळ्यांना चिंचेखाली गोळा केलं.

"जागा कुणाचीबी न्हाय," ती म्हणाली. "जागा फिरणार. ह्या रविवारी जो फाटकापाशी, तो पुढच्या रविवारी एक जागा मागं. असं करत करत सगळी छपरापतोर जाणार आणि परत फिरून पुढं येणार. फाटकापाशी सगळ्यांचा नंबर लागणार, आणि मागं बी सगळ्यांचा लागणार. माझा सुदिक."

तिचं स्वतःचं पोतं तेव्हा फाटकापासून दुसरं होतं, भर मोक्याच्या जागी. ते तिनं उचललं आणि सगळ्यांत मागं छपराखाली नेऊन टाकलं. "मी हितनं सुरवात करतो."

आण्णांचा चेहरा लाल झाला. "मी मोठा माल घेऊन येतोय," ते म्हणाले. "टेम्पो काय मागं डोक्यावरनं न्यायचा? आणि तू कोण आमाला जागा सांगणारी? तुझं काय राज्य हाय?"

"राज्य न्हाय आण्णा. पाळी हाय."

"तुझी पाळी तुझ्याजवळ ठेव." आण्णांनी टेम्पो सुरू केला आणि परत रस्त्यावर नेऊन लावला. त्यांच्यामागं कुणी गेलं नाही, पण सगळ्यांची तोंडं उतरली. आण्णा म्हणजे बाजारातलं मोठं माणूस. ते गेले म्हणजे बाजार मोडणार असं मलाही वाटलं.

पुढच्या रविवारी मी आले तर फाटकाशेजारी एक जागा मोकळी. त्यावर बायडाक्कानं एक स्वच्छ झाडलेलं पोतं अंथरलं होतं आणि चार कोपऱ्यांवर चार विटा. कुंभारणीला वाटलं जागा मोकळीच आहे, तिनं मडकं ठेवायला घेतलं, तशी बायडाक्का म्हणाली, "ती आण्णांची हाय."

"पण आण्णा येत न्हाईत की!"

"म्हणून काय झालं? नंबर त्यांचाच."

त्याच्या पुढच्या रविवारी ते पोतं एक जागा मागं सरकलं. पुन्हा पुढच्या रविवारी आणखी एक. सगळ्यांबरोबर आण्णांची मोकळी जागाही फिरत राहिली. लोक येता-जाता विचारायचे, हे रिकामं पोतं कुणाचं? आम्ही सांगायचो. गोष्ट रस्त्यापर्यंत गेलीच.

पावसाळा सरत आला होता. एका रविवारी टोला पडायच्या आधी आण्णा चालत आत आले. टेम्पो बाहेरच होता. आपलं पोतं शोधत शोधत ते मागं गेले. त्या दिवशी ते पोतं बरोबर छपराशी, सगळ्यांत शेवटी होतं.

"बायडाक्का," ते म्हणाले, "माझी जागा अजून ठेवलीस व्हय?"

बायडाक्का शेपूच्या जुड्या बांधत होती. तिनं हात थांबवला नाही. "तुमी रुसला म्हणून नंबर रुसतोय काय आण्णा? टेम्पो आणा आत. मागनं वाट केल्या आमी कुंपणात. सरळ छपराशी लागतोय."

ती वाट तिनं आणि तिच्या नवऱ्यानं त्याआधीच दगड काढून केली होती, आण्णा येतील की नाही हे माहीत नसताना. आण्णांनी वाट बघितली. नाक ओढलं. मग ओरडले, "अरे बघताय काय, दोघंजण या की बटाटं उतरायला!" आणि आम्ही सगळे हसत धावलो.

तेव्हापासून बाजाराला वळण लागलं. नियम मोजकेच, आणि सगळे तोंडपाठ. दुसऱ्याच्या समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही. टोल्याआधी विकायचं नाही. आपल्यासमोरचा पालापाचोळा आपण उचलायचा. आणि जी दोघं भांडतील त्यांनी संध्याकाळी मिळून आख्खा बाजार झाडायचा. हा शेवटचा नियम सगळ्यांत गुणाचा. एकदा केळीवाला आणि दहीवाला एकमेकांची कॉलर धरायला गेले. संध्याकाळी दोघांच्या हातात खराटे. निम्मा बाजार झाडेपर्यंत बोलले नाहीत. मग धुळीनं दोघंही शिंकायला लागले आणि त्या शिंकांवरच हसायला लागले. आता दोघांच्या घरची एकमेकांच्या लग्नाला जातात.

अंबूबाई काठी टेकत परत आली तेव्हा तिला मोठ्या चिंचेखाली कायमची सावली दिली. तिची जागा फिरत नाही. त्यावर कुणी कधी 'का' म्हणून विचारलं नाही. तान्ही पोरं घेऊन येणाऱ्या विक्रेत्या बायकांसाठी दुसऱ्या चिंचेला झोळी बांधली. आणि बायडाक्कानं राजवर्धनच्या दुकानात पुन्हा जाऊन, काउंटरवर हात ठेवून, सगळ्यांसमोर सांगितलं की बायकांना दिवसभर पाणी न पिता बसायला लागतंय, का ते तुमी समजून घ्या. राजवर्धन लाजला. पंधरवड्यात गुऱ्हाळामागचा जुना संडास दुरुस्त झाला, त्याला नळ आला, आतून कडी आली. सहा महिन्यांची बोली कधी संपली हे ना त्याच्या लक्षात राहिलं ना आमच्या. सोमवारी सकाळी जागा बघायला तो सुरुवातीला यायचा. मग यायचा बंद झाला आणि रविवारी पिशवी घेऊन यायला लागला.

एवढं सगळं झालं तरी पुढं एका श्रावणातला तो रविवार आला नसता तर आमचा बाजार म्हणजे काय आहे, हे आम्हालाच कळलं नसतं.

नागपंचमी तोंडावर होती. सलमाभोवती बायकांची गर्दी. त्यात इंगळेबाई आल्या होत्या, मागच्या अपार्टमेंटमधल्या. हिरव्या बांगड्या भरायच्या म्हणून त्यांनी हातातली सोन्याची पाटली काढली. बांगड्या भरल्या, पुढं गेल्या, भाजी घेतली, कांदे घेतले, माझ्याकडून शेवया घेतल्या. फाटकापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. हाताकडं बघितलं, पर्स उलटी केली, पिशवी चाचपली आणि किंचाळल्या, "माझी पाटली!"

लोक गोळा झाले. इंगळेबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. पाटली त्यांच्या आईची होती. "बांगडीवालीकडं काढली होती," त्या म्हणाल्या. "तिथंच काढली. तिनंच हात धरला होता माझा."

सलमा उभी राहिली. "मावशी, तुमी पाटली काढून तुमच्याच मुठीत धरली हुती. मी हात बी लावला न्हाय तिला."

गर्दीतला एक माणूस, आमच्यातला नव्हे, म्हणाला, "तिची पेटी तपासा. असल्यांना बसवायचंच कशाला आत?"

'असल्यांना' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. सलमानं आपली बांगड्यांची पेटी स्वतःच उघडायला घेतली. तेवढ्यात मागनं ठण्ण, ठण्ण, ठण्ण, असे टोल्यावर टोले पडले. बाजाराच्या मध्यावर असा टोला कधीच पडला नव्हता. सगळे वळले. बायडाक्का सळई हातात घेऊन पुढं आली.

"सलमा, पेटी झाक," ती म्हणाली.

"पण आक्का..."

"झाक म्हणतोय न्हवं! एकटीची पेटी हितं कुणीबी बघणार न्हाय." मग ती त्या माणसाकडं वळली. "पावणं, ही सलमा ह्या बाजारात माझ्याबरोबर पहिल्या दिवशी बसल्या. तवा तुमी न्हवतासा. काय बोलायचं ते बाहेर जाऊन बोला." आणि मग आम्हा सगळ्यांकडं बघून, "इक्री बंद! बाई कुठं कुठं फिरली ती सगळी जागा हुडकायची. आपापला माल आपण उपसायचा. माझ्यापासनं सुरवात."

तिनं आपली सगळी भाजी पोत्यावरनं उचलून बाजूला काढली. जुडी न् जुडी झटकली. मी शेवयांची पुडकी एकेक करून हलवली. दहीवाल्यानं बरणीत पळी घालून बघितली, त्यावर त्या परिस्थितीतही कुणीतरी हसलं. ऐन गर्दीची वेळ, सणाच्या तोंडावरचा रविवार, आणि आख्खा बाजार विक्री सोडून जमिनीवर बसून धुंडत होता. गिऱ्हाइकंही बसली. अंबूबाई काठीनं पाला बाजूला करत होती.

आण्णांचा ढीग सगळ्यांत मोठा. त्यांनी कांद्यांकडं बघितलं, मग इंगळेबाईंना विचारलं, "बाई, कांदं तुमी हातानं निवडून घेतलासा काय?"

"हो."

"दोन्ही हातानं?"

इंगळेबाई गोंधळल्या. "आठवत नाही."

आण्णा शर्टाच्या बाह्या वर करून ढिगात उतरले. कांदे बाजूला फेकत, फेकत, खालपर्यंत गेले. सालपटं उडत होती. मध्येच त्यांचा हात थांबला. वर आला तेव्हा दोन बोटांत पाटली होती, तिला कांद्याचं एक तांबडं सालपट चिकटलेलं.

"घावली की!" आण्णांनी अशी आरोळी ठोकली की चिंचेवरचे पक्षी उडाले. "माझ्या ढिगात! बघा सगळी, कांदं निवडताना मुठीतनं सुटली, माझ्या ढिगात हुती!"

मला तेव्हा आण्णांचा जो अभिमान वाटला तो सांगता येणार नाही. गपचूप हातात दिली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, दोनदा ऐकवलं, आणि ते सलमाकडं बघून ऐकवलं. तो 'असल्यांना' म्हणणारा माणूस एव्हाना निघून गेला होता.

इंगळेबाई रडायला लागल्या. हात पुढं केला. पण बायडाक्कानं आण्णांकडून पाटली घेतली, पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली नाही.

"बाई," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज एकदम मऊ होता, "आईची पाटली हाय, जीव जाणारच. मी तुमास्नी कायबी बोलत न्हाय. पण ही सलमाच्या हातानं भरून घ्या. म्हंजे सगळ्यांच्या मनातलं जाईल."

इंगळेबाई तिथंच, मातीत, सलमासमोर बसल्या. दोन्ही हात पुढं केले. "माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. सलमानं डोळे पुसले. पाटली घेतली. हिरव्या बांगड्या हळूच मागं सारल्या, पाटली चढवली आणि पुढं पुन्हा दोन हिरव्या बांगड्या भरल्या, पाटली सुटू नये म्हणून. "आता न्हाय निघायची मावशी," ती म्हणाली. बाजार इतका शांत होता की त्या बांगड्यांचा आवाज मागं छपरापर्यंत ऐकू आला असेल.

मग बायडाक्का ओरडली, "काय बघताय? टोला झालाय! इका की!" आणि त्या दिवशी जी विक्री झाली तशी आधी कधी झाली नव्हती. इंगळेबाई संध्याकाळपर्यंत सलमाजवळच बसून होत्या, बायकांना बांगड्या निवडून देत.

ही गोष्ट गावभर झाली. जयसिंगपूरच्या काही बायका एका रविवारी मुद्दाम बघायला आल्या. त्याही रस्त्यावरच बसणाऱ्या. दिवसभर त्या चिंचेखाली बसून बघत राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, आमच्याकडं येऊन एवढं लावून द्या. बायडाक्कानं एक दिवस सुट्टी घेतली आणि आम्ही सगळे गेलो. त्यांच्या मोकळ्या मैदानात ती सकाळी उतरली, पदर खोचला, चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढल्या, कोण कुठं बसणार ते त्यांच्याचकडून ठरवून घेतलं. कुणी काही विचारलं की एकच म्हणायची, "आधी मागची जागा तू घे, मग पुढच्याला मागं जा म्हण." दुपारपर्यंत तिथं बाजार बसला. पोरं मैदानात मोकळी पळत होती. एका बाईनं तिच्या पायाला हात लावला तर तिनं तो हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं आणि विचारलं, "तुझ्या घरात कोण कोण असतं?"

परत येताना एसटीत मी आणि सलमा बायडाक्काच्या मागच्या सीटवर होतो. तिच्या शेजारी एक अनोळखी म्हातारी होती. म्हातारीनं तिच्या हाताला लागलेली पांढरी फक्की बघितली आणि विचारलं, "काय करतीस गं बाई?"

आम्हा दोघींना वाटलं, भाजी इकतो म्हणेल.

"मी बाजार चालवतो," बायडाक्का म्हणाली.

"म्हंजे कंत्राट घेतलंयस व्हय?"

"न्हाय. बाजार चालवतो. माणसं येत्यात, इकत्यात, बोलत्यात, आणि हसत घरला जात्यात. त्येवढं चालवतो."

म्हातारीनं मान डोलावली, जणू हा रोजचाच धंदा आहे. "चांगलं काम हाय," ती म्हणाली.

"लई चांगलं हाय," बायडाक्का म्हणाली आणि खिडकी उघडून तिनं तोंडावर वारा घेतला. मागच्या सीटवर सलमा आणि मी, दोघीही ताठ होऊन बसलो.